दिवा ऐकेनासा झाला तर

गेल्या महिन्यातील एका सोमवारी दवाखाना उघडताच ७६ वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका उजवा हात डाव्या हाताने सावरून धरीत आत आल्या. मनगट सुजले होते आणि किंचित वाकडे दिसत होते. एक्स-रे काढण्यापूर्वीच अस्थिभंगाची शंका आली. पडण्याची हकीकत विचारली तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, रात्री दोनला उठले. दिवा लावायला तीनदा सांगितलं, पण तो काही ऐकेना. मग म्हटलं, न्हाणीघराची वाट काही मला नवी नाही."

"भिंतीवरचं बटण का नाही दाबलंत, बाई?"

"त्याच्यावर मुलानं चिकटपट्टी लावून ठेवलीय. बटण बंद केलं की दिवा ऐकत नाही म्हणे."

मुलगा बंगळुरूला असतो. दिवाळीत आला तेव्हा आईला अंधारात चाचपडावे लागू नये म्हणून त्याने आवाजाच्या आज्ञेवर चालणारा स्पीकर आणून ठेवला, बल्ब बदलला आणि बटण चुकून बंद होऊ नये म्हणून त्यावर पट्टी चिकटवली. पडण्याच्या आदल्या शनिवारी इंटरनेटवाल्याने घरातील जुना राउटर काढून नवा बसवला होता. त्यामुळे बल्बचा संपर्क तुटेल, हे बाईंच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते आणि मुलाला तर राउटर बदलल्याचेच ठाऊक नव्हते. दोष कोणाचाच म्हणता येत नाही. मनगट मात्र मोडले.

वाचकहो, असे बोलके स्पीकर आता आपल्या घरांत नवे राहिलेले नाहीत. अलेक्साचा स्पीकर भारतात २०१७ मध्ये आणि गूगलचा २०१८ मध्ये आला. संधिवाताने बोटे आखडलेल्या, दृष्टी मंदावलेल्या किंवा पक्षाघातानंतर एक बाजू दुर्बळ झालेल्या व्यक्तीला बसल्या जागेवरून दिवा लावता येणे ही मोठी सोय आहे, यात शंका नाही. परंतु ज्या वस्तूवर आपण विसंबतो, तिचे आजारपण ओळखता आले पाहिजे. मी तंत्रज्ञ नव्हे. वडिलांच्या खोलीतील अशाच दिव्याशी वारंवार झगडताना एक गोष्ट लक्षात आली, की रुग्ण तपासण्याची आमची जी रीत आहे, तीच येथेही उपयोगी पडते. आधी हकीकत ऐकावी, मग सोप्या तपासण्या कराव्यात आणि मोठी शस्त्रक्रिया सर्वांत शेवटी.

आज्ञेचा प्रवास

आपण "बेडरूम लाइट ऑन" म्हणतो तेव्हा स्पीकर थेट दिव्याशी बोलतो, असे वाटते. बहुतेक वाय-फाय बल्बांच्या बाबतीत तसे नसते. आपला आवाज घरातील राउटरमार्फत इंटरनेटवरून स्पीकरच्या कंपनीच्या दूरस्थ संगणकाकडे जातो. तो संगणक वाक्याचा अर्थ लावतो आणि बल्बच्या कंपनीच्या संगणकाला निरोप देतो. तेथून आज्ञा पुन्हा आपल्या घरातील राउटरकडे येते आणि अखेर बल्बपर्यंत पोहोचते. चार हातांवरचा दिवा लावण्यासाठी निरोपाला एवढा वळसा घ्यावा लागतो. साखळीतील कोणतीही एक कडी निखळली तरी परिणाम एकच दिसतो, की दिवा लागत नाही. ताप जसा अनेक आजारांचे लक्षण असतो, तसेच हे आहे. निदान करायचे ते कडीचे.

तीन उत्तरे, तीन निदाने

पहिली तपासणी कानांनी करावी. आज्ञा दिल्यावर स्पीकर काय करतो आणि काय म्हणतो, ते नीट ऐकावे. घाईत आपण हेच विसरतो.

स्पीकर जागाच झाला नाही, त्याचा प्रकाश उजळला नाही, तर दोष स्पीकरपाशी आहे. प्लग पाहावा. मायक्रोफोनचे बटण साफसफाई करताना चुकून दाबले गेले आहे का, तेही पाहावे. मायक्रोफोन बंद असल्यास अलेक्साच्या स्पीकरवर तांबडा, तर गूगलच्या स्पीकरवर नारिंगी प्रकाश दिसतो. स्पीकर जागा होतो, पण इंटरनेट नसल्याची तक्रार करतो किंवा आजच्या हवामानाची माहितीही देऊ शकत नाही, अशा वेळी इंटरनेट अथवा राउटर तपासावा.

स्पीकर इतर प्रश्नांची उत्तरे देतो, परंतु दिव्याबद्दल "उपकरण प्रतिसाद देत नाही" अशा अर्थाचे वाक्य बोलतो, तेव्हा त्याला दिवा माहीत आहे, पण दिव्यापर्यंत निरोप पोहोचत नाही. कारण बहुधा बल्बचा वीजपुरवठा किंवा त्याचे वाय-फाय.

"या नावाचे उपकरण सापडले नाही" असे तो म्हणाला, तर घोटाळा नावाचा किंवा दोन कंपन्यांच्या खात्यांमधील जोडणीचा आहे. अशा वेळी बल्ब काढून पुन्हा बसवण्याने काहीही साधत नाही.

पायरीपायरीने उपचार

प्रथम वीज. भिंतीवरील बटण बंद असेल तर स्मार्ट बल्ब मृतवत असतो. घरकामाला येणाऱ्या मावशी किंवा पाहुणे सवयीने बटण बंद करतात आणि आपण दोष स्पीकरला देतो. बटण चालू करून मिनिटभर थांबावे. बल्बला पुन्हा वाय-फाय धरायला तेवढा अवधी लागतो.

दुसरी पायरी राउटरची. तो बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करावा आणि त्यावरील दिवे स्थिर होईपर्यंत तीन-चार मिनिटे वाट पाहावी. अनेक तक्रारी एवढ्यानेच मिटतात. वीज वारंवार जात असेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्यावा. तो घेताना राउटरच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर दुकानदाराला दाखवावेत.

तिसरी पायरी बल्बच्या स्वतःच्या ॲपची. मोबाइलवर ते ॲप उघडून तेथून दिवा लागतो का, ते पाहावे. ही तपासणी फार महत्त्वाची आहे, कारण पुढची वाट येथे दुभंगते.

ॲपमधून दिवा लागतो, परंतु आवाजाने लागत नाही, असे असेल तर बल्ब आणि वाय-फाय दोन्ही ठणठणीत आहेत. तुटले आहे ते बल्बचे खाते आणि स्पीकरचे खाते यांच्यातील नाते. कोणी तरी पासवर्ड बदलला की असे होऊ शकते. अलेक्साच्या ॲपमध्ये त्या कंपनीचे 'स्किल' बंद करून पुन्हा सुरू करावे आणि बल्बच्या खात्याची माहिती नव्याने भरावी. मग "अलेक्सा, डिस्कव्हर डिव्हायसेस" असे म्हणावे. गूगलच्या बाबतीत होम ॲपमध्ये ती कंपनी पुन्हा जोडून "सिंक माय डिव्हायसेस" म्हणावे. येथे एक कौटुंबिक मेख आहे. ही खाती बहुतेक घरांत मुलाच्या किंवा सुनेच्या ईमेलवर असतात. पुण्याच्या घरातील दिवा न्यू जर्सीतील पासवर्डवर अवलंबून असतो. तेथे बसून मुलाने सुरक्षिततेसाठी पासवर्ड बदलला, तर येथे आईच्या खोलीत काळोख होऊ शकतो. म्हणून पासवर्ड बदलल्यावर आईवडिलांना एक फोन करून "दिवा लावून पाहा बरं" एवढे सांगण्याचा नेम मुलांनी ठेवावा.

ॲपमधूनही दिवा लागत नसेल, तर बल्बचा वाय-फायशी संबंध तुटला आहे. आमच्या बाईंच्या घरी हेच झाले होते. राउटर बदलला की वाय-फायचे नाव आणि पासवर्ड बदलतात. जुन्या नावाचा शोध घेत बल्ब ताटकळत राहतो. यावर सोपा उपाय आहे. इंटरनेटवाल्याला नव्या राउटरवर जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड, अक्षरांच्या लहानमोठेपणासह, ठेवायला सांगावे. सुरक्षेचा प्रकारही पूर्वीचाच, म्हणजे बहुधा डब्ल्यूपीए-२, ठेवावा. असे केल्यास घरातील बहुतेक उपकरणे आपण होऊन जोडली जातात. तंत्रज्ञ घरातून निघण्यापूर्वीच हे करून घ्यावे.

नवा बल्ब जोडताना अडत असेल तर आणखी एक कारण तपासावे. राउटर सहसा दोन लहरींवर काम करतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. बहुतेक स्मार्ट बल्ब आणि प्लग केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. मोबाइल ५ वर असेल तर जोडणीच्या वेळी बऱ्याचदा अडथळा येतो. दोन्ही लहरींना वेगळी नावे देता येत असतील तर ती द्यावीत आणि जोडणीपुरता मोबाइल २.४ वर घ्यावा. तसेच राउटर लोखंडी कपाटात किंवा टीव्हीच्या मागे कोंबलेला नसावा. धातू आणि काँक्रीटच्या भिंती या लहरी अडवतात.

आता नावे. "लाइट", "बेड लाइट", "बेडरूम लाइट" अशी जवळजवळची नावे ठेवली की स्पीकर गोंधळतो. खोलीच्या गटाला आणि बल्बला एकच नाव दिल्यासही तसेच घडू शकते. प्रत्येक वस्तूला वेगळे आणि छोटे नाव द्यावे, आणि ते वापरणाऱ्याच्या तोंडात सहज बसणारे असावे. अलेक्साला २०१९ पासून हिंदी समजते, पण मराठीतून दिलेली आज्ञा तिला कळेलच यावर विसंबू नये. आजींना इंग्रजी शब्द जड जात असतील तर स्पीकरची भाषा हिंदी करून पाहावी. ठरलेले वाक्य ठळक अक्षरांत कागदावर लिहून पलंगाजवळ लावावे.

हे सारे करूनही यश आले नाही, तरच बल्ब मूळ अवस्थेत आणण्याचा, म्हणजे 'रीसेट'चा, मार्ग घ्यावा. बऱ्याच बल्बांत बटण ठरावीक वेळा चालू-बंद केले की बल्ब लुकलुकू लागतो. किती वेळा, ते सोबतच्या पत्रकात दिलेले असते. मात्र त्यानंतर सगळी जोडणी पहिल्यापासून करावी लागते. म्हणून ही शस्त्रक्रिया शेवटची, आणि दिवसाउजेडी करायची.

एक इशारा येथेच देतो. मदतीसाठी इंटरनेटवर 'कस्टमर केअर'चा नंबर शोधू नये. तेथे ठकसेनांनी पेरलेले नंबर असतात. नंबर खोक्यावरचा किंवा कंपनीच्या ॲपमधलाच घ्यावा. दिवा दुरुस्त करण्यासाठी कोणालाही बँकेचा ओटीपी लागत नाही, की तुमच्या मोबाइलचा पडदा दुरून पाहण्याचे ॲप लागत नाही. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

दुसऱ्याचे ऐकतो, माझेच ऐकत नाही

आता जी तक्रार सांगतो, ती माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. दोन वर्षांपूर्वी एस.टी.तून निवृत्त झालेले एक वाहक रक्तदाब तपासायला आले होते. एके काळी खच्चून भरलेल्या गाडीच्या मागच्या टोकापर्यंत त्यांचा आवाज पोहोचत असे. सहज बोलता बोलता ते म्हणाले, "नात सांगते तेव्हा स्पीकर लगेच ऐकतो. माझं मात्र सहा महिन्यांपासून ऐकत नाही. बदलून घ्यावा म्हणतो."

यंत्र नातीचे ऐकत होते, म्हणजे साखळीतील सर्व कड्या शाबूत होत्या. मी त्यांच्या आवाजाकडे लक्ष दिले. तो एकसुरी आणि दबका झाला होता. चालताना एक हात हलत नव्हता. कागदावर नाव लिहायला सांगितले, तर अक्षर लहान लहान होत गेले. मेंदुविकारतज्ज्ञांकडे पाठवले आणि पार्किन्सनच्या आजाराचे निदान झाले. आवाज हळू होणे हे या आजाराचे एक लक्षण आहे, आणि रुग्णाला स्वतःला ते अनेकदा जाणवत नाही. त्याला वाटते, आपण पूर्वीसारखेच बोलतो आहोत, समोरचाच ऐकत नाही. औषधे आणि वाचा-उपचार सुरू झाल्यावर ते आता पुष्कळ बरे बोलतात.

तेव्हा काळजीवाहकांनी एक साधी चाचणी लक्षात ठेवावी. वडीलधाऱ्यांनी दिलेली आज्ञा यंत्राने ऐकली नाही, तर त्याच जागेवरून तेच वाक्य दुसऱ्या कोणी बोलून पाहावे. कोणाचेच ऐकत नसेल तर यंत्र तपासावे. इतरांचे ऐकते आणि त्यांचेच ऐकत नाही, असे पूर्वी नव्हते आणि आता होते आहे, तर माणूस तपासावा. कारण दर वेळी गंभीर असतेच असे नाही. कवळी सैल झालेली असेल, काही औषधांनी तोंड कोरडे पडत असेल. परंतु आवाजाचा घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. तंबाखूचे व्यसन असलेल्यांनी यात मुळीच चालढकल करू नये. आणि काल स्पष्ट बोलणारी व्यक्ती आज अचानक अडखळत, जड जिभेने बोलू लागली, चेहरा एका बाजूला ओढला गेला किंवा एका हातातील बळ गेले, तर तो पक्षाघाताचा झटका समजून तत्काळ १०८ वर फोन करावा. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

उलट बाजूही पाहावी. वयोमानानुसार आधी उच्च स्वर ऐकू येईनासे होतात. स्पीकर "कोणता दिवा?" असे विचारतो, ते आजोबांना ऐकू येत नाही आणि ते आज्ञाच पुन्हा उच्चारतात. येथे स्पीकरचा आवाज वाढवावा, त्याला टीव्ही व पंख्यापासून दूर ठेवावे, आणि कानांची तपासणी करून घ्यावी.

विसंबावे किती?

बाईंच्या मनगटाला प्लास्टर घातल्यावर मी त्यांचा रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर, असा दोनदा मोजला. उभे राहताच वरचा आकडा २४ ने उतरत होता. २० किंवा त्याहून अधिक उतार आम्ही महत्त्वाचा मानतो. म्हणजे दिवा एकटाच अपराधी नव्हता. औषधांची फेरतपासणी केली आणि रात्री उठताना पलंगाच्या कडेवर दोन मिनिटे बसून मगच उभे राहण्याची सवय लावायला सांगितली.

त्यांच्या मुलाशी फोनवर बोललो. तो हळहळला. त्याला म्हटले, यंत्र काढू नका, त्याच्यावरचा भार कमी करा. त्यानंतर त्या घरात जे बदल झाले, ते प्रत्येक घरात व्हावेत असे मला वाटते. बटणावरची चिकटपट्टी प्रथम निघाली. बटण बंद-चालू केले की दिवा लागतो का, तेही पाहून ठेवले. बहुतेक स्मार्ट बल्ब तसे लागतात. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत चाहूल लागताच आपोआप उजळणारे दोन छोटे दिवे बसले. त्यांना ना वाय-फाय लागते, ना पासवर्ड. उशाशी बॅटरी आली. वाय-फायचे नाव, पासवर्ड, खाते कोणाच्या ईमेलवर आहे आणि अडल्यास शेजारच्या कोणाला बोलवायचे, हे एका कार्डावर लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस लावले. आणि दर रविवारी संध्याकाळी, अंधार पडण्यापूर्वी, बाई एकदा दिवा लावून पाहतात. दिवा ऐकत नाही हे कळण्याची वेळ रात्री दोनची नसावी.

दोन पथ्ये सर्वांसाठी. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, झोपेत श्वासाला मदत करणारे सीपॅप यंत्र अशी वैद्यकीय उपकरणे स्मार्ट प्लगवर कधीही लावू नयेत. आणि आणीबाणीत ११२ किंवा १०८ ला फोन लावण्यासाठी स्पीकरवर अवलंबून राहू नये. मोबाइल हाताशी हवा, आणि बटणांचा साधा फोन असेल तर अधिक चांगले. पडल्यानंतर डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे.

गेल्या आठवड्यात बाई प्लास्टर काढायला आल्या. बोटे उघडझाप करून दाखवीत म्हणाल्या, "दिवा आता पुन्हा ऐकतो, डॉक्टर. पण मी बटणच दाबते. बोटांना तेवढाच व्यायाम."

मी तो व्यायाम त्यांच्या कागदावर लिहून दिला.